जामीनकी

कल्याणात नोंदणी खात्याच्या नोकरीस लागलो त्या पहिल्याच पावसाळ्यात, कचेरीच्या ओटीवर मांडी ठोकून बसणाऱ्या एका वृद्ध अर्जनविसाने मला ताबेगहाण, नजरगहाण, फारखत, बक्षीसपत्र असे एकेक दस्त समजावून देता देता ‘तारण’ ह्या शब्दाशी येऊन आपली लेखणी क्षणभर थांबवली आणि म्हटले, की बुडू पाहणाऱ्या पैशाला जे तारते ते तारण. घर असो, शेत असो, बायकोच्या अंगावरचे सोने असो, कर्ज फिटेपर्यंत त्या वस्तूने आपल्या मालकाचा भार वाहायचा असतो. शब्दाची ही व्युत्पत्ती त्याने कोणत्या कोशातून काढली असेल असे मला वाटत नाही. ती त्याच्या हाताखालून गेलेल्या हजारो दस्तांतून निघाली होती. पुढे काही वर्षांनी ठाण्याच्या एका ख्रिस्ती मित्राच्या घरी, भिंतीवरच्या तसबिरीखाली, हाच शब्द मला ‘तारणारा’ ह्या रूपात भेटला. प्रथम मला त्यात केवळ अक्षरांचे साम्य दिसले. ते साम्य केवळ अक्षरांचे नाही हे कळायला माझे जवळजवळ सर्व आयुष्य खर्ची पडले, आणि ते ज्या प्रकारे कळले तो प्रकार लिहून ठेवल्यावाचून माझी सुटका नाही.

मराठी बायबल मी प्रथम उघडले ते धर्मजिज्ञासेने नव्हे. एका कारकुनाची भाषेविषयीची जी सवय असते, त्या सवयीने उघडले. पाहतो तो मुखपृष्ठापासूनच ओळखीची माणसे भेटू लागली. ग्रंथाचे दोन भाग, ते ‘जुना करार’ आणि ‘नवा करार’. करार हा तर आमच्या कचेरीचा रोजचा शब्द! प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत अपराधाच्या जागी ‘ऋण’, देव आणि मनुष्य ह्यांच्यातील तुटलेला संबंध जुळला तो ‘समेट’, मनुष्याच्या पुत्राने पुष्कळांसाठी आपला प्राण दिला तो ‘खंडणी’ म्हणून, आणि इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात तर ख्रिस्ताला कराराचा ‘जामीन’ म्हटलेले. विल्यम कॅरीने पंडित वैजनाथांच्या साहाय्याने बंगालमधील श्रीरामपुरास बसून मराठी नवा करार सिद्ध केला आणि १८११ साली तो छापला, तो मोडी लिपीत छापला. ज्या लिपीत सारावसुलीची खाती आणि सावकारांची रोखे-खते लिहिली जात, त्याच लिपीत ‘तुमचे ऋण फिटले आहे’ हे वृत्त मराठी मुलखात यावे, ही गोष्ट मला आजही हलवून जाते. मूळ ग्रीक ग्रंथातही पापाची भाषा पुष्कळ अंशी देण्याघेण्याचीच आहे. कलस्सैकरांच्या पत्रात आपल्याविरुद्ध असलेला ऋणलेखच वधस्तंभाला खिळून रद्द केल्याचे वर्णन येते. रद्द झालेला दस्त कसा दिसतो हे मी पाहिलेले आहे, त्यामुळे त्या प्रतिमेपाशी मी बराच वेळ थबकून राहिलो.

तरीही शब्द परिचयाचे निघाले म्हणून अर्थ परिचयाचा निघेल असे नाही. आमच्याकडे ‘प्रायश्चित्त’ म्हटले की पंचगव्य, दक्षिणा, क्षौर आणि स्नान डोळ्यांपुढे येते. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्यावरून रानडे-टिळकांसारख्या पुरुषांभोवती जे वादळ उठले, ते सर्व प्रायश्चित्त घ्यावे की न घ्यावे ह्या प्रश्नाभोवती फिरले. विटाळ आणि पाप ह्यांतील अंतर आपल्या समाजाने किती पुसट होऊ दिले होते ह्याचे ते विदारक उदाहरण आहे असे माझे मत आहे. परंतु त्याच समाजाने आपल्या मुलांना वाल्या कोळ्याची कथाही सांगितली, आणि ती कथा पंचगव्यापेक्षा फार खोल जाते. रांजणात एकेक खडा टाकून आपल्या हत्या मोजणारा तो वाटमाऱ्या, नारदाच्या सांगण्यावरून घरी जातो आणि बायकोला व मुलांना विचारतो, की माझ्या मिळकतीत वाटेकरी झालात, आता माझ्या पापात वाटेकरी व्हाल काय? सर्वजण नाही म्हणतात. लहानपणी मला त्या बायकोचा राग येई. मोठेपणी कळले की ती निष्ठुर नव्हती. ज्याने केले त्याने भोगावे हा सृष्टीचा नियम तिने सांगितला, आणि त्या नियमाच्या धक्क्यानेच वाल्या जागा झाला. कर्मसिद्धांताचे सगळे बळ त्या एका नकारात साठलेले आहे. ख्रिस्ती धर्माचे सगळे धाडस त्याच्या उलट बाजूला आहे: त्या दारात कोणी एक उभा राहतो आणि म्हणतो, मी वाटेकरी होतो.

ह्या धाडसाचे मूळ पाहायचे तर ठाण्यातच पाहता येते. आमच्या कोकणातले बेने इस्राएल लोक घरात मराठी बोलतात, आणि ठाण्यात त्यांचे १८७९ सालचे शार हशामाईम हे प्रार्थनामंदिर आहे. वर्षातून एकदा ते जो प्रायश्चित्ताचा महान दिवस पाळतात त्याला त्यांच्या जुन्या बोलीत ‘दारफळणीचा सण’ म्हणतात. दारे लावून घ्यायची, शुभ्र वस्त्रे नेसायची, अन्नपाणी वर्ज्य करायचे आणि वर्षभराचा हिशेब देवापुढे ठेवायचा. लेवीय पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात ह्या दिवसाचा मूळ विधी दिला आहे. दोन बोकड आणायचे, चिठ्ठ्या टाकायच्या. एकाचा बळी द्यायचा, आणि दुसऱ्याच्या मस्तकावर दोन्ही हात ठेवून महायाजकाने सर्व लोकांची पापे मोठ्याने कबूल करायची व त्या जनावराला निर्जन रानात सोडून द्यायचे. इ. स. ७० मध्ये यरुशलेमचे मंदिर पडले, बळी बंद झाले, उपवास आणि प्रार्थना उरली. पण त्या लोकांच्या धर्मशास्त्राने एक अट घालून ठेवली आहे आणि ती मला सर्व विधींहून मोलाची वाटते: देवाचा केलेला अपराध त्या दिवशी फिटतो, शेजाऱ्याचा केलेला अपराध मात्र आधी त्या शेजाऱ्याची समजूत घातल्याशिवाय फिटत नाही. येशूनेही हेच सांगितले, की अर्पण वेदीपाशी तसेच ठेव, आधी जाऊन आपल्या भावाशी समेट कर. ही अट वाचली तेव्हा मी मान खाली घातली, त्याचे कारण पुढे येईल.

आता ‘खंडणी’ ह्या शब्दाविषयी. मराठ्यांच्या इतिहासाचे चार कागद ज्याने वाचले असतील त्याला खंडणी म्हटली की पहिला प्रश्न हाच सुचेल, की ती वसूल कोणी केली? चौथ्या शतकात नाझियान्झसच्या ग्रेगरीने नेमका हाच प्रश्न विचारला होता. सैतानाला दिली म्हणावे तर चोराला देवाच्या प्राणाचे मोल मिळाले, ही मोठी विटंबना. पित्याला दिली म्हणावे, तर ज्याने इसहाकाचा बळी घेण्याचे नाकारले तो पुत्राच्या रक्ताने का संतुष्ट व्हावा? पुढे अकराव्या शतकाच्या अखेरीस अन्सेल्मने देवाच्या दुखावलेल्या मानमर्यादेची भरपाई म्हणून ह्या मरणाचा अर्थ लावला, आणि लगेच पुढच्या पिढीत आबेलार म्हणाला, की वधस्तंभ पाहून मनुष्याचे हृदय द्रवते आणि ते प्रेमाकडे वळते, ते वळणे हेच तारण. ह्या वादांत पडण्याचा माझा अधिकार नाही. एवढेच म्हणतो, की रक्ताचा भुकेला देव मला कधीच पटला नाही, आणि ज्या ख्रिस्ती मित्राविषयी मी लिहितो आहे त्यालाही तो पटत नसे. एकदा मी त्याला ‘शिवलीलामृता’तील श्रियाळ-चांगुणेची गोष्ट सांगितली. अतिथीच्या हट्टासाठी चिलयाचे मस्तक उखळात कांडणारी ती आई आठवली की आमच्या घरातल्या बायका पदराने डोळे पुसत. शेवटी शंकर प्रसन्न होतात आणि बाळ धावत येते. मित्र बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, “अब्राहामाचा हात पण वरच्या वर धरला. आमच्या त्या शुक्रवारी मात्र कोणी हात धरला नाही रे.”

ज्याला कल्याण-ठाण्याचा अभिमान आहे त्याने नारायण वामन टिळकांचे नाव येथे घ्यावेच, कारण १८६८ ते १८७३ ह्या काळात त्यांचे प्राथमिक शिक्षण कल्याणात झाले. १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पण त्यांच्या मनाला प्रथम ओढ लागली ती डोंगरावरील प्रवचनाची, बळीच्या तत्त्वज्ञानाची नव्हे. १९१९ साली ते वारले तेव्हा ‘ख्रिस्तायन’ अपुरे होते. ज्या लक्ष्मीबाईंना त्यांच्या धर्मांतराने वर्षानुवर्षे पोळले होते, त्यांनीच पुढे ते काव्य हाती घेऊन नेटाने पुढे नेले. दुसऱ्याचे अपुरे देणे आपल्या शिरावर घेणे म्हणजे काय, हे मला त्या गृहिणीच्या करणीत अन्सेल्मच्या ग्रंथाहून अधिक स्पष्ट दिसते.

ठाणे हे बलिदानाला अपरिचित असलेले गाव नाही. १३२१ च्या एप्रिलमध्ये तोलेन्तिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा दिमित्रियुस असे चार फ्रान्सिस्कन येथे मारले गेले. ते निघाले होते चीनकडे. वाऱ्याने गलबत ठाण्याच्या बंदरास आणून सोडले आणि येथल्या नेस्तोरी ख्रिस्ती घरांनी त्यांना आसरा दिला. नंतर त्यांच्या अस्थी घेऊन गेलेल्या ओदोरिक नावाच्या प्रवाशाने ह्या प्रकरणाचा जो वृत्तांत लिहिला त्यात प्रारंभ मोठा साधा आहे. यजमानाने बायकोला मारले, ती काझीकडे फिर्याद घेऊन गेली, आणि घरात उतरलेले परदेशी साधू साक्षीदार म्हणून बोलावले गेले. तेथून गोष्ट धर्मवादावर गेली आणि तीन दिवसांत चौघांचे प्राण गेले. त्याच वृत्तांताप्रमाणे दिल्लीच्या सुलतानाने पुढे त्या स्थानिक अधिकाऱ्याला शासन केले, हेही न्यायासाठी सांगितले पाहिजे. हुतात्म्याला ग्रीक भाषेत जो शब्द आहे त्याचा मूळ अर्थ ‘साक्षीदार’ असाच आहे, आणि ठाण्याचे हे साधू अक्षरशः साक्षीसाठी बोलावले जाऊन मेले. त्याच ठाण्याच्या तुरुंगात १९ एप्रिल १९१० रोजी अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे ह्या क्रांतिकारकांना फाशी दिले. कान्हेऱ्यांना विशी देखील धड पुरी झाली नव्हती. त्या भिंतीवरून जाताना माझे हात अजूनही आपोआप जोडले जातात. तरी साक्षीदार वेगळा आणि जामीन वेगळा. साक्षीदार जे सत्य मानतो त्यासाठी उभा राहतो. जामीन दुसऱ्याच्या खोटेपणाचे मोल भरण्यासाठी उभा राहतो. आपल्या मराठी मनाला पहिला पुरुष चांगला समजतो, त्याचे पोवाडे आपण रचतो. दुसऱ्याचा पोवाडा कोणी रचत नाही, कारण त्याचे मरण कोणाच्या डोळ्यांत भरत नाही.

आता माझी कबुली. १९७४ साली बहिणीच्या लग्नासाठी मी एका पतपेढीतून कर्ज काढले. ठाण्याचा हा मित्र माझ्याच कचेरीत होता, पगाराने माझ्याएवढाच, पदरी तीन मुले. जामीनदाराच्या रकान्यापुढे त्याने सही केली, ती मी दाखवलेल्या जागी, मजकूर न वाचता केली. वर्षभरात माझी बदली रत्नागिरीकडे झाली, वडील अंथरुणास खिळले, आणि मी हप्ते भरावयाचे सोडले. दोन नोटिसा आल्या. मी त्या फाडल्या. तिसरी आलीच नाही. कारकून होतो, जामीनदार कशासाठी असतो हे मला चांगले ठाऊक होते. म्हणून मी एकच खबरदारी घेतली, ती म्हणजे कोणालाही काही न विचारण्याची. पुढे डोंबिवलीत घर घेतले, परत आलो, ठाणे स्टेशनात तो कितीतरी वेळा भेटला, आम्ही चहा घेतला, मुलांची शिक्षणे, सांधेदुखी, पावसाने बंद पडलेल्या गाड्या असे सर्व बोललो. त्याने त्या विषयाचा उच्चार केला नाही. मीही केला नाही. त्याच्या मौनाचा अर्थ मी माझ्या सोयीने लावला होता.

तो वारला, आणि महिन्याचा मिस्सा झाल्यावर वहिनींनी मला निरोप धाडला, की निवृत्तिवेतनाच्या कामी काही जुने कागद लागताहेत, तुम्हांला ह्यातले समजते, तेवढे पाहून द्या. चर्चच्या मागच्या वस्तीत त्यांचे कौलारू घर. पत्र्याच्या पेटीतले कागद मी चटईवर पसरले. सेवापुस्तकाची नक्कल, बाप्तिस्म्याचे दाखले, घरपट्टीच्या पावत्या, आणि त्यांच्या खाली एका टाचणीने टोचलेल्या १८ पगारचिठ्ठ्या. प्रत्येक चिठ्ठीवर कपातीच्या रकान्यात निळ्या शाईने एकच ओळ: जामीनकी वसुली, रुपये ७०. टाचणी गंजली होती आणि तिचा तांबूस डाग पहिल्या चिठ्ठीपासून अठराव्या चिठ्ठीपर्यंत एकाच जागी आरपार उतरला होता. मी मान वर केली तेव्हा वहिनी दारात उभ्या होत्या. त्या किती वेळ उभ्या होत्या हे मला माहीत नाही.

चार दिवसांनी मी १,२६० रुपये मुद्दल आणि त्यावरचे इतक्या वर्षांचे व्याज फूलस्केप कागदावर मांडून, रक्कम घेऊन गेलो. वहिनींनी चष्मा लावून हिशेब वाचला. मला वाटले होते त्या नाकारतील, आणि खरे सांगायचे तर त्यांनी नाकारावे अशी एक नीच आशाही मनात होती, कारण नाकारलेल्या पैशाने माणूस मोठ्या स्वस्तात मोकळा होतो. त्यांनी पैसे घेतले.

“घेते, भाऊ,” त्या म्हणाल्या. “नाही घेतले तर तुमच्या जिवाला चैन पडणार नाही.”

मी विचारले, त्याने मला कधी का सांगितले नाही?

“मी पण विचारलं होतं त्यांना. त्या वर्षी नाताळात पोरांना कापडं झाली नाहीत. धाकटीनं थोरलीच्या चपला घातल्या वर्षभर, पुढं कापूस कोंबून. मी भांडले. तर म्हणाले, सही माझी आहे.”

सही माझी आहे. धर्मशास्त्राचे जे ग्रंथ मी चाळले त्यांत ह्या तीन शब्दांइतके स्पष्ट वाक्य मला मिळाले नाही. मुद्दल फिटले, व्याज फिटले, आणि तरीही ऋण तसेच उरले, कारण कापूस कोंबलेल्या चपलांतून चाललेले ते वर्ष परत कोणाच्या खात्यात जमा करणार? माणसाच्या अपराधाचा एक भाग असा असतो की तो अपराध्याला फेडताच येत नाही, त्याने प्राण दिला तरी येत नाही. आणि क्षमेविषयीही माझी समजूत त्या दिवशी उलटली. क्षमा म्हणजे खात्यावर रेघ ओढणे असे मी धरून चाललो होतो. परंतु जमाखर्च लिहिणाऱ्याला हे ठाऊक हवे, की वहीतले कोणतेही येणे नुसते पुसून नाहीसे होत नाही. धनकोने सूट दिली तर तेवढी तूट त्याच्या स्वतःच्या नावे पडते. उधळ्या पुत्राच्या गोष्टीत बाप एक पैही मागत नाही, मग वधस्तंभाची गरज काय, असा आक्षेप मी पूर्वी मित्रापाशी घेतला होता. मिळकत तर बापाचीच बुडाली होती, हे मला तेव्हा दिसले नव्हते. देवाने क्षमा केली असे म्हणायचे असेल तर ती तूट कोणाच्या नावे पडली हेही कोठेतरी लिहिलेले असले पाहिजे, आणि ख्रिस्ती माणूस म्हणतो की ते गोलगोथ्याच्या टेकडीवर लिहिलेले आहे. पिलाताने तर तेथे खरोखरच एक पाटी लावली होती, इब्री, लॅटिन आणि ग्रीक अशा तीन भाषांत, आरोपीच्या नावानिशी, कोणत्याही कचेरीत लावतात तशी. मी ख्रिस्ती नाही. करील तो भोगील हा नियम माझ्या हाडांत आहे आणि तो खोटा आहे असे मला आजही वाटत नाही. पण माझ्या वाट्याचे दुसऱ्याने भोगलेले मी हातात धरून वाचले आहे.

तेव्हापासून प्रायश्चित्तकाळाच्या शेवटी, गुड फ्रायडेला, दुपारच्या लोकलने मी डोंबिवलीहून ठाण्याला जातो. तलावपाळीवर ऊन तापलेले असते, मासुंदा तलावाचे पाणी डोळ्यांना झोंबते, आणि सेंट जॉन बाप्टिस्ट चर्चच्या आवारात माणसे सावल्या धरून उभी असतात. त्या दिवशी मिस्सा होत नाही. वेदीवर वस्त्र नाही, मेणबत्ती नाही, फुले नाहीत, घंटेचा नाद नाही. दुःखसहनाचे वाचन होते, आणि मग लाकडी क्रूस पुढे आणतात व लोक एकामागून एक त्याच्या पाया पडायला रांग लावतात: कोळणी, कारखान्यातले कामगार, इस्त्रीचा शर्ट घातलेली कॉलेजातली मुले, काठी टेकीत आलेल्या म्हाताऱ्या. कित्येक वर्षे मी शेवटच्या बाकामागे भिंतीला टेकून उभा राहिलो. यंदा वहिनींनी मागे वळून पाहिले, काही बोलल्या नाहीत, फक्त आपल्या पुढे एका माणसाची जागा सोडून थांबल्या.

मी रांगेत गेलो. क्रूसाशेजारी पांढऱ्या झग्यातला दहाबारा वर्षांचा एक मुलगा रुमाल घेऊन उभा होता. प्रत्येकाचे ओठ टेकून झाले की तो ते लाकडी पाय पुसत होता आणि रुमालाची घडी उलटून कोरडी बाजू वर घेत होता. माझी पाळी आली तेव्हा त्याने पाय पुसले आणि हात मागे घेतला. मी वाकलो. पावलांवरच्या खिळ्याच्या जागेचा रंग इतक्या वर्षांच्या स्पर्शाने पार गेला होता, आणि तेवढ्यापुरते आतले लाकूड उघडे पडून गुळगुळीत झाले होते.